राजाराम हरळीकरांची नॉर्वेतली मोजणी

न्यूझीलंडला, ऑकलंडच्या अल्बनी भागातल्या नव्या घरांच्या ओळीत, कोपऱ्यापासून तिसऱ्या घरात राजाराम हरळीकर राहतात. वय एकोणसत्तर. पायात जँडल्स म्हणजे तिथल्या रबरी सपाता, अंगात मुलीनं घेतलेलं जाड जाकीट, डोक्याला कानटोपी. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये गेले की आयटीवाले आणि इंजिनीअर त्यांना "काका, इकडं बसा" म्हणून खुर्ची देतात, हातात प्रसादाची डिश देतात आणि आपापल्या घरांच्या किमतींबद्दल बोलायला निघून जातात. काका कोण, काय करत होते, कुणी विचारत नाही. ते 'विनिताचे पप्पा' एवढंच पुरतं. न विचारणाऱ्यांचं नुकसान आहे, दुसरं काय!

शेजारच्या प्लॉटवर कुंपण घालायला माणसं आली होती तेव्हाची गोष्ट. राजारामराव चहाचा कप घेऊन बाहेर आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे चालत गेले, परत आले आणि मुकादमाला म्हणाले, "राँग. आमच्यात आलंय. वीतभर."

मुकादम हसला. "आम्ही लेझरनं बघितलंय, मेट."

"मग लेझरला चष्मा लाव."

विनिता खिडकीत उभी राहून शरमेनं अर्धी झाली. तीन दिवसांनी लायसन्सवाला सर्व्हेअर आला, यंत्र लावलं, आणि म्हणाला, एकवीस सेंटीमीटर. वीतभरच. कुंपण उपटलं. तेव्हापासून तो मुकादम राजारामराव दिसले की दुरून हात वर करून माओरी नमस्कार घालतो, "किया ओरा, बॉस!" आणि राजारामरावही मान ताठ करून "किया ओरा" म्हणतात, जणू गडहिंग्लजच्या कचेरीत शिपायानं नमस्कार केलाय.

ही पावलं त्यांना आयती मिळालेली नाहीत. त्यांचे वडील हरळी गाव सोडून दुसऱ्या गावात पाटलाच्या मळ्यात राबायला आले, मळ्याच्या टोकाला खोप बांधून राहिले. नव्या गावानं त्यांना 'हरळीकर' म्हणायला सुरुवात केली, मास्तरांनी शाळेत तेच लिहिलं. राजाराम दहावी झाले आणि मोजणी खात्यात साखळी ओढायला लागले. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. साहेबानं सावलीत फळी मांडून रेघा मारायच्या, यांनी बाभळीच्या काट्यांतून साखळी ओढायची. नऊ वर्षं. साहेब जेवायला बसले की हा पोरगा फळीवर वाकून बघायचा, कुठली रेघ कुठून आली. शिकवलं कुणीच नाही. खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा जिल्ह्यात दुसरे आले. साखळी ओढणारा भूकरमापक झाला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि तेवढ्या वर्षांत तेहतीस फुटांना तेरा पावलं हे माप त्यांच्या पायात असं बसलं, की आता मॉलमध्ये चालतानाही सुटत नाही.

तर असा हा माणूस. विनितानं एरिक हाउगेनशी लग्न ठरवलं तेव्हा महिनाभर त्यांनी फोन घेतला नव्हता. तो महिना आता ते स्वतः आठवत नाहीत, आणि बायकोनं, सरोजबाईंनी, आठवण करून दिलीच तर लगेच पाणी प्यायला उठतात.

एरिकचं घराणं नॉर्सवुडचं. ऑकलंडपासून सहा तास गाडी हाकली की लागणारं छोटं गाव. दीडशे वर्षांपूर्वी नॉर्वेहून जहाजानं आलेल्या लोकांनी तिथलं घनदाट रान तोडून वसवलेलं. तिथं एरिकची आजी राहते, इंगा. वय चौऱ्याऐंशी. पायात गमबूट, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची गाय मान वर करते. पहिल्याच भेटीत ती आणि राजारामराव तारेच्या कुंपणावरून भांडले. दोघांनाही भांडण इतकं आवडलं, की पुढची चार वर्षं प्रत्येक सुट्टीत ते चालूच राहिलं. ती त्यांना 'राज' म्हणते. ते तिला 'इंगाबाई' म्हणतात. राजारामरावांचं इंग्रजी मोडकं, इंगाबाईला ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोघांचं बरं जमतं.

इंगाबाईच्या बैठकीच्या खोलीत एक फ्रेम आहे. हिरव्या उतारावर पांढरं दुमजली लाकडी घर, काळ्या दगडी चिपांचं छप्पर. खाली लिहिलंय 'हाउगेन, आमचं मूळ घर'. कुणा चुलतभावानं शोधून पाठवलेला फोटो. ती येईल त्याला दाखवायची. "माझा आजोबा नील्स इथून निघाला. मोठं शेत होतं आमचं."

गेल्या वर्षी ईस्टरला तिनं कपाटातून एक पत्र काढलं. नील्स इथं आल्यानंतर त्याच्या आईनं नॉर्वेहून पाठवलेलं. पत्राबरोबर कुणा पाद्र्यानं पूर्वी टाइप केलेलं इंग्रजी भाषांतर होतं. राजारामरावांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं. अडलेले शब्द विनिताला विचारले. आई लिहिते: 'ज्या पायरीवरून तू गेलास, तिथं मी रोज बसते. सकाळी ओढ्यापलीकडून ऊन येतं ते आधी पायरीवर पडतं. संध्याकाळी मोठ्या दगडामागं सूर्य गेला की उठते. पाठीमागं रान आहे तसंच आहे. खालच्या मोठ्या घराचं छप्पर यंदा नवीन घातलं. उन्हात इतकं चमकतं की डोळ्याला त्रास होतो.'

बाकीचे हळहळले. राजारामरावांनी खिशातली वही काढली.

"काय लिहितोस, राज?"

"चतुःसीमा." मग त्यांनी समजावून सांगितलं, की आमच्याकडे कुठलीही जमीन, कुठलंही घर कागदावर आलं की चारी बाजूंना काय आहे ते लिहावंच लागतं. मालक मरतात, आडनावं बदलतात, पण ओढा कुठं जातो? आणि त्यांनी लिहिलं: पूर्वेस ओढा. पश्चिमेस मोठा दगड. उत्तरेस रान. दक्षिणेस...

"हे खालचं मोठं घर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"पाद्र्याचं असेल," इंगाबाई म्हणाली. "तिथं दुसरं मोठं घर कुणाचं असणार? मोठं घर आमचंच."

राजारामरावांनी लिहिलं: दक्षिणेस पाद्र्याचे घर. जागा पाहिली नाही, पंच नाही, चौकशी नाही, लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं, कारण त्यांची पक्की खात्री होती. "मी हरळीकर, माझं मूळ हरळी. तुम्ही हाउगेन, तुमचं मूळ हाउगेन. आडनाव खोटं बोलत नाही."

इंगाबाईनं पत्राची घडी घातली आणि जाहीर केलं, "मी जाणार. मरायच्या आधी एकदा मला त्या पायरीवर बसायचंय. बाकी काही बघायचं नाही. एरिक, तू आणि विनिता येणार. राजपण येणार."

"मी नॉर्वेत काय करू?"

"तू जमीन वाचतोस. माझी नातवंडं फोन वाचतात."

घरी आल्यावर सरोजबाईंनी टोमणा मारलाच. "अवो, जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहिलात. आता परदेशातला बांध तेवढा राहिला होता!" पण स्वेटर त्यांनीच भरले, चिवडा त्यांनीच केला. स्वतःचे गुडघे आणि नातीची शाळा यामुळे त्या मागं राहिल्या. सप्टेंबर उजाडला. नॉर्सवुडला गाई विण्याचे दिवस, एरिकच्या वडलांना हलता येईना. चौघं निघाले.

हाउगेनचं शेत ऑस्लोच्या उत्तरेला, मोटारीनं चार तासांवर एका दरीत होतं. गाडी वळली आणि फ्रेममधलं घर जसंच्या तसं समोर आलं. दारात कारी उभी होती. पन्नाशीची, केस आखूड कापलेले, हात शेतकरणीचे. शेत आता तिच्या नावावर. पत्रव्यवहारात एकमेकींना 'लांबची बहीण' लिहून झालेलं होतं. तिनं इंगाबाईला मिठी मारली, टेबलावर कॉफी मांडली, वाफाळते वॉफल आणि वर तपकिरी चीज. राजारामरावांनी जपून एक तुकडा खाल्ला. "खवा करपलाय, पण वाईट नाही," ते विनिताला म्हणाले.

इंगाबाईनं कॉफीला हात लावला नाही. "पायरी," ती म्हणाली.

दाराशी दगडी पायरी होती. रुंद, घडीव, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या. इंगाबाई काठी बाजूला ठेवून हळूच बसली. दोन्ही हात दगडावर फिरवले. आणि ज्या बाईनं नवऱ्याच्या अंत्यविधीलाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती हमसून हमसून रडली. एरिक रडला. विनिता रडली. कारी आत जाऊन रुमाल घेऊन आली आणि खाली बघत उभी राहिली. फोटो निघाले, नॉर्सवुडला गेले, तिकडून पाच मिनिटांत पन्नास लाल बदाम आले.

राजारामराव मात्र अंगणात उभे राहून मान इकडून तिकडे फिरवत होते.

"विनू, ओढा बघ."

"बघितला पप्पा. छान आहे."

"छान आहे, पण पश्चिमेला आहे. पूर्वेला पाहिजे."

विनितानं डोळे पुसता पुसता कपाळावर आठी घातली. "पप्पा, प्लीज. तुम्हाला दिशांचा जेटलॅग झालाय. न्यूझीलंडमध्ये सूर्य उत्तरेकडून फिरतो, इथं दक्षिणेकडून. तुमचं सगळं उलटंपालटं झालं असणार."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. अल्बनीत आले तेव्हा पहिले दोन महिने त्यांचं डोकं खरोखरच फिरलं होतं. सरोजबाईंनी पापड वाळत घातले ते दिवसभर सावलीत राहिले, आणि दक्षिणेची भिंत दाखवणारा मोजणीदार नवरा बायकोच्या शिव्या खात बसला होता. पुन्हा तसंच झालं असेल का? त्यांनी स्वतःवरच शंका घेतली. माणसाला म्हातारं करायला वय लागत नाही, अशी एक शंका पुरते.

सकाळी सगळे झोपेत असताना ते उठले, कानटोपी घातली आणि घरामागची चढण चढायला लागले. पायवाट नव्हती, पण पूर्वी होती हे त्यांना कळत होतं. गवत जिथं थोडं वेगळं वाढतं तिथं कधीतरी पाय पडलेले असतात. अर्धा तास चढल्यावर बर्चची झाडं लागली. पाण्याचा आवाज आला. दुसरा ओढा, बारीकसा, आणि त्याच्या पलीकडून नुकताच सूर्य वर येत होता. म्हणजे ओढा पूर्वेला. ते थांबले. वळून पश्चिमेकडं बघितलं. बैलगाडीएवढा एकच्या एक खडक.

मग त्यांनी खाली पाहिलं.

खाली, उतारावर, कारीच्या घराचं काळं छप्पर सकाळच्या उन्हात झगझगत होतं. डोळ्याला त्रास व्हावा इतकं.

मोठ्या घराचं छप्पर कुणाला दिसतं? मोठ्या घरात राहणाऱ्याला नाही. त्याला दिसतं ते आढं. छप्पर दिसतं वरच्या बाजूला, रानाच्या कडेला, दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर खोपट घालून राहणाऱ्याला. पाटलाच्या घराची कौलं राजारामनं अशीच बघितली होती, सोळा वर्षं, रोज. कुठलं कौल फुटकं, कुठल्यावर शेवाळ, हे पाटलाच्या पोरांनाही माहीत नव्हतं एवढं त्याला पाठ होतं. आणि तोच राजाराम हरळीकर, ते वाक्य हातात असून, 'दक्षिणेस पाद्र्याचे घर' लिहून मोकळा झाला! त्यांनी स्वतःला अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली. झाडावरचा पक्षी उडाला.

गवतात दगडांचा चौकोन होता, गुडघाभर. लाकडी घर केव्हाच गेलेलं. आणि दक्षिणेकडच्या बाजूला, शेवाळ धरलेला, मधोमध झिजलेला एक सपाट दगड.

त्यांनी फोन लावला. ऑकलंडला संध्याकाळ होती, सरोजबाई भाकरी थापत होत्या. स्पीकरवर टाकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग आता?"

"आता काय? म्हातारी काल चुकीच्या पायरीवर बसून रडलीय. साऱ्या गावाला फोटो गेलेत. सांगितलं तर तिचं मोठं शेतपण जातं, आणि ती कारी बहीण म्हणते ती पण जाते. गप्प बसावं म्हणतो."

तिकडून भाकरी उलटल्याचा आवाज आला. मग सरोजबाई म्हणाल्या, "मामंजी पाटलाच्या वाड्यात जन्मले म्हणून कुणी लिहिलं असतं, तर तुम्ही चालू दिलं असतं?"

"त्याचं कागद फाडून तोंडात कोंबलं असतं."

"मग झालं की. जावा खाली."

खाली अंगणातच विनितानं त्यांना अडवलं. बूट चिखलानं भरलेले, चेहरा बघून तिला काहीतरी कळलं. त्यांनी सांगितलं. तिनं त्यांची बाही धरली. "पप्पा, नाही हं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. आयुष्यातली एकच इच्छा होती, पूर्ण झाली. तिला काय फरक पडतो?"

"तिला फरक पडत नसता तर ती इतक्या लांब आली असती का? फोटो होता की घरी."

"तुम्हाला फक्त बरोबर असायचं असतं!"

"माझी चूक सांगायला चाललोय मी," राजारामराव म्हणाले आणि आत गेले.

स्वयंपाकघरात इंगाबाई आणि कारी न्याहारीला बसल्या होत्या, एरिक पाव कापत होता. राजारामरावांनी कानटोपी काढली, वही टेबलावर उघडून ठेवली आणि उभं राहूनच सांगायला सुरुवात केली. मोडक्या इंग्रजीत, अडेल तिथं विनिताकडं बघत. ती मनाविरुद्ध भाषांतर करत होती. ओढा. दगड. रान. आणि मोठं घर, जे पाद्र्याचं नव्हतं. "इंगाबाई, तुमचे लोक या घरातले नाहीत. या घरासाठी राबणारे होते. वर राहत होते. पायरी वर आहे. मी चुकीचं लिहिलं. सॉरी."

एरिकच्या हातातली सुरी तशीच राहिली. इंगाबाईनं कानातलं यंत्र नीट बसवलं, जणू त्यातच काही बिघाड आहे. मग तिनं कारीकडं बघितलं.

कारी कपातल्या कॉफीकडं बघत म्हणाली, "आजोबांनी मला लहानपणी ती जागा दाखवली होती. शेताचं काम करणाऱ्यांची घरं वर होती. त्यांना नाव आमच्याच शेताचं लावत. जिथं राहतील तिथलं नाव, दुसरीकडं राहायला गेले की दुसरं. तुझं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती."

"आणि तू बोलली नाहीस?"

"जगाच्या टोकाहून आलेल्या बाईला कसं सांगू, की तुझे लोक आमचे गडी होते?"

"आणि मला चुकीच्या पायरीवर रडू दिलंस!" इंगाबाईनं मूठ आपटली, कप नाचले. "चौऱ्याऐंशी वर्षांत एकदा रडले, तेही वाया!"

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय. आधी एरिकला हसू फुटलं. मग विनिता. इंगाबाई हसली नाही. ती उठली, काठी घेतली आणि म्हणाली, "वर कसं जायचं?"

"आजी, चढ आहे. तुझे गुडघे..."

"इथं क्वाड बाइक असेल ना?"

होती. कारीनं ती गोठ्यातून बाहेर काढली आणि म्हणाली की मी चालवते, तू मागं बस. नॉर्सवुडच्या टेकड्यांवर साठ वर्षं गाई वळवलेल्या बाईनं तिला हातानं बाजूला सारलं. एरिक ओरडत राहिला, "आजी, स्लो! स्लो!" पण इंगाबाईनं कान मघाशीच बंद केले होते. गाडी झाडांतून फाटफाट करत वर गेली. मागून बाकीचे धापा टाकत. सगळ्यांत पुढं राजारामराव, हातानं वाट दाखवत, एखाद्या कलेक्टरची गाडी जागेवर नेत असल्यासारखे.

वर पोचल्यावर इंगाबाईनं इंजिन बंद केलं. दगडांचा चौकोन बघितला. किती लहान आहे, हे तिच्या तोंडावर दिसलं. मग ती त्या झिजलेल्या दगडावर बसली. या वेळी रडली नाही. बराच वेळ खाली छपराकडं बघत राहिली.

"खरंच डोळ्याला त्रास होतो," ती म्हणाली.

"इथं वाटेल तेव्हा काढून टाकतील अशा जागेत राहायचे. तिकडं जाऊन नील्सनं चाळीस एकर रान हातानं तोडलं, रस्ता खोदला, अकरा जणांना वाढवलं. आणि आम्ही भिंतीवर काय लावलं? दुसऱ्याचं घर." तिनं झिजलेल्या दगडावर हात फिरवला. "आणि ते चाळीस एकर आधी कुणाचे होते तेही लावलं नाही. माओरी शेजारी आहेत माझे, इतकी वर्षं. त्यांनीही कधी तोंडावर विचारलं नाही." मग एकदम राजारामरावांकडं वळली. "त्याला लाज वाटत असेल का रे, राज?"

"नील्सला?" राजारामरावांनी मान हलवली. "तो कधी म्हणाला, मी मोठ्या घरातला?"

इंगाबाईनं आठवून बघितलं. "माझा बाप सांगायचा, नील्स त्या गावाबद्दल एकच वाक्य बोलायचा. 'तिथं आम्हाला भिंत होती, जमीन नव्हती.' आम्हाला वाटायचं, म्हातारा कविता करतो."

"त्यानं बरोबर सांगितलं होतं. कागद आपण चुकवला."

मग राजारामरावांनी जाकिटाची चेन वर ओढली आणि कामाला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. पण जागा सापडली आणि टिपण काढलं नाही, हे त्यांच्या हाताला जमत नाही. टिपण म्हणजे जागेवर बसून हातानं काढलेला मोजणीचा नकाशा. ते चौकोनाच्या कडेकडेनं चालले. सात पावलं, साडेपाच पावलं. अठरा फूट, चौदा फूट. चूल असेल त्या कोपऱ्यात दगड काळे होते, तिथं खूण केली. ओढ्यापर्यंत किती, खडकापर्यंत किती. चालताना त्यांना त्यांच्या नोकरीतलं एक गाव आठवलं. तिथं बड्या शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या अकरा खोपी त्यांनी नकाशात दाखवल्या होत्या, आणि साहेब म्हणाले होते, "राजाराम, ही घाण कशाला? खोड." त्यांनी खोडल्या नाहीत. बदली झाली, चंदगडच्या पावसात दोन वर्षं काढली. पुढं त्या अकरा घरांना जागेचे कागद मिळाले ते त्याच नकाशावरून. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. अल्बनीच्या हॉलमधल्या खुर्चीवर बसून तर नाहीच.

विनिता झाडाला टेकून बापाला बघत होती. बापाला काम करताना तिनं कधी बघितलंच नव्हतं. ते पहाटे निघायचे, रात्री यायचे. पायांना काट्यांचे ओरखडे, एवढंच तिला माहीत. तिनं पुढं होऊन वहीचं दुसरं टोक वाऱ्यात धरलं.

"पप्पा, मी मघाशी बोलले ते..."

"वही हलवू नको," राजारामराव म्हणाले. पण आवाज मऊ होता.

नकाशा झाला. खाली त्यांनी चतुःसीमा नव्यानं लिहिली नाही, जुनंच पान काढलं. 'दक्षिणेस पाद्र्याचे घर' यातला 'पाद्र्याचे' हा शब्द एका रेघेत खोडला, वर 'मालकाचे' लिहिलं आणि खाडाखोडीच्या बाजूला सही केली, तारखेसह. चूक लपवायची नसते, तिच्यावर सही करायची असते, हा खात्याचा नियम. तेवढा एक नियम त्यांना साहेबानं शिकवला होता.

मग वही इंगाबाईपुढं धरली. "इथं सही. अर्जदार."

तिनं केली.

"आता लगतचा शेतकरी. मोजणी झाली की शेजाऱ्याची सही लागते." त्यांनी पेन कारीपुढं केलं.

कारी देवनागरी अक्षरांकडं बघत राहिली. "मी कशावर सही करतेय?"

विनितानं विचारलं, राजारामरावांनी सांगितलं, तिनं भाषांतर केलं. "की इथं एक घर होतं."

कारीनं पेन घेतलं. सही केली. मग इंगाबाईला म्हणाली, "म्हणजे आपण नात्यातल्या नाही."

"नाही. शेजारी," इंगाबाई दगडावर थाप मारत म्हणाली. "तुझं शेत माझ्या पायरीला लागून आहे. आता कॉफी वर आण. काल मी घेतली नव्हती."

कॉफी वर आली, वॉफल आले, खवाही आला. इंगाबाईनं दोन कप घेतले आणि एरिककडून फोटो काढून घेतला, छप्पर मागं येईल असा. नॉर्सवुडला पाठवताना तिनं स्वतः एका बोटानं टाइप केलं: 'कालचा फोटो काढून टाका. हे खरं.' तिकडून तासभर काही उत्तर आलं नाही. मग तिच्या मुलाचं आलं: 'आई, एवढंसं?' तिनं लिहिलं: 'एवढंसंच. तरी तू झालास ना?'

खाली उतरताना कारी राजारामरावांच्या बरोबरीनं चालत होती. तिनं विचारलं, त्या नकाशाची एक प्रत मला मिळेल का?

राजारामरावांनी चेहरा सरकारी केला. विनितानं ओळखलं, आता काय येणार ते, आणि हसू दाबलं.

"नक्कल मिळेल," ते म्हणाले. "अर्ज करा. कारण लिहा."

कारीनं ते गंभीरपणे घेतलं. घरात जाऊन तिनं खरोखरच एका कागदावर अर्ज लिहिला, इंग्रजीत, चार ओळी, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. राजारामरावांनी चष्मा लावला. एकेका शब्दाखाली बोट फिरवत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले.

कारण, तिनं लिहिलं होतं: आमच्या नकाशात हे घर नाही म्हणून.

राजारामरावांनी कागदावर तारीख टाकली, 'मंजूर' लिहिलं आणि सही ठोकली.